पुण्यातल्या मराठी दैनिकातून आंतरराष्ट्रीय फेलोशिप: कोणी गेलंय का?

डेस्कवाली: इथल्या एका दैनिकात देश-विदेश पान लावते. वय 29. एजन्सीची, म्हणजे वृत्तसंस्थेची, कॉपी मराठीत उतरवायची, रात्री पान सोडायचं, संपलं. परराष्ट्र धोरण नीट शिकायचंय. संपादक म्हणतात, पुण्यात बसून कसलं आंतरराष्ट्रीय! इंग्रजीत एकही बायलाइन, म्हणजे स्वतःच्या नावानिशी छापलेली बातमी, नाही. अर्ज करण्यात अर्थ आहे का?

जुना पेठकर: आहे. आधी डाग हॅमरशोल्ड फंडाची फेलोशिप बघ. 1961 मध्ये विमान अपघातात गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या नावाची. विकसनशील देशांतल्या 25 ते 35 वयाच्या पत्रकारांना आमसभेच्या काळात न्यूयॉर्कला नेतात, मुख्यालयातून वार्तांकन करायला लावतात. प्रवास, राहणं त्यांच्याकडे. खरी मेख वेगळीच आहे. तीन महिने तुला सोडायचं आणि तिथून पाठवलेलं छापायचं, ही हमी तुझ्या दैनिकाने द्यायची. सप्टेंबर ते नोव्हेंबर म्हणजे गणपती, नवरात्र, दिवाळी अंक, सगळं त्यातच. तेव्हा पहिला अर्ज संपादकांकडे!

आणि त्यांना सांग, औंधच्या लष्करी तळावर 2019 आणि 2023 मध्ये आफ्रिकी देशांच्या तुकड्या आपल्या जवानांबरोबर सरावाला आल्या होत्या. आपल्याकडे त्याची फोटोओळ झाली. जानेवारी 2021 मध्ये हडपसरच्या सीरमची कोरोना लस भूतान, मालदीवला गेली. काही महिन्यांत निर्यात थांबली आणि दुसऱ्या डोसची वाट पाहणारे शेजारी अडकले. ही परराष्ट्र धोरणाचीच बातमी, हडपसरची. डिसेंबर 2023 ची कांदा निर्यातबंदी घे. लासलगावात भाव पडले, ढाक्यात चढले. आपण पहिलं छापलं, दुसरं एजन्सीवर सोडलं. प्रस्तावात असलं काहीतरी लिही. गाझावर तुझ्याआधी हजार जणांनी लिहिलेलं असणार.

रानडेचा माजी: संयुक्त राष्ट्रांचीच रेहाम अल-फर्रा फेलोशिपही आहे. 2003 मध्ये बगदादच्या संयुक्त राष्ट्र कार्यालयावरच्या हल्ल्यात गेलेल्या त्यांच्या सहकारी महिलेच्या नावाची. काही आठवड्यांचीच असते, रजा मिळणं सोपं. लंडनच्या चेव्हनिंग दक्षिण आशिया फेलोशिपला मात्र बराच अनुभव लागतो, ती पुढे बघ.

डेस्कवाली: सर, कात्रणं मराठीत आहेत. भाषांतर कोणाकडून करून घेऊ?

जुना पेठकर: कोणाकडून नाही. स्वतः कर. मुलाखत इंग्रजीतच होईल, तिथे उसनं इंग्रजी उघडं पडतं. आणि कात्रणं निवडताना एजन्सीचं उतरवलेलं एकही नको, भले पहिल्या पानावर आलेलं असो. तुझं स्वतःचं काय आहे?

डेस्कवाली: पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकी मुलांच्या व्हिसावर रविवार पुरवणीत एक लेख. बाकी काही नाही.

जुना पेठकर: मग औंधच्या सरावावर दुसरा लिही. लष्कराच्या जनसंपर्क कार्यालयाला उद्याच मेल टाक, उत्तराला वेळ लावतात.