मुंबईत पगार पुरवून राहावे कसे?

प्रश्न: पुढील महिन्यात मी नोकरीसाठी नागपूरहून अंधेरीला येत आहे, मात्र घरभाड्याचे आकडे ऐकूनच छाती दडपली आहे. भाडे देऊन उरलेल्या पैशांत या शहराचा आनंद घेता येतो का?

पहिले उत्तर: घर निवडताना स्थानकापर्यंत पायी किती मिनिटे लागतात हे आधी पाहावे, कारण लोकलचा मासिक पास स्वस्त पडतो, रोजची रिक्षा मात्र खिसा रिकामा करते. अकरा महिन्यांचा करार नोंदवूनच घ्यावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे, जे दलाल सहसा सांगत नाहीत.

दुसरे उत्तर: आनंद घेता येतो. रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जावे, दादरच्या शिवाजी मंदिरात नाटक पाहावे, आणि १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद व्हावे. (मॉलमध्ये गेलात, तर मग पगाराला दोष देऊ नका.)

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आता बोरिवलीकडेच, सहनिवासी मिळाल्यास, घर शोधतो.