ट्रेकचा लीडर पुढे हवा की मागे? (ट्रेकर्सची चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

वाघजाई
कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक उदाहरणाला घेऊ. जुन्या बोगद्याच्या माथ्यावरून निघायचं, साधारण 15 किलोमीटर, एकामागून एक टेकड्या, भरवशाचं पाणी कुठेच नाही. 30 जण असले की तिसऱ्या टेकडीपर्यंत पहिल्या आणि शेवटच्या माणसात सहज अर्ध्या तासाचं अंतर पडतं. लीडर अशा वेळी कुठे असावा? माझ्या मते सगळ्यात शेवटी.

कारण बहुतेक गडबड शेपटाला होते. पायात गोळा येतो, बुटाचा तळवा सुटतो, पाणी संपतं, बॅटरी मरते. शिवाय हळू चालणाऱ्याला विश्रांतीच मिळत नाही. पुढचे दहा मिनिटं बसून ताजे होतात आणि हा धापा टाकत पोचला की "चला, आले सगळे" म्हणून उठतात. हे फक्त मागून चालणाऱ्यालाच दिसतं. सगळ्यात हळू माणसाच्या चालीने न कंटाळता चालता येणं, हा मला लीडरचा पहिला गुण वाटतो. पाठोपाठ सवय मोजणीची: प्रत्येक खिंडीत डोकी मोजायची, आणि "आहेत सगळे" या उत्तरावर कधीही पुढे निघायचं नाही.

ढोरवाट
अजिबात पटलं नाही. गट चुकतो तो पुढे. धारेवर गुरांच्या वाटा फुटतात, रात्री त्या मळलेल्या वाटेसारख्याच दिसतात. पहिला चुकला की तीसच्या तीस चुकले. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, उतरायची रेषाही पहिलाच ठरवतो. ती सरळ खाली धरली तर वरच्यांच्या पायाखालचे दगड खालच्यांच्या डोक्यावर येतात. तिरकं उतरायचं, चार-पाच जणांचे तुकडे करायचे, एक तुकडी बाजूला झाल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. हे मागून ओरडून होत नाही.

आणि गट लांबतो तोही पुढच्यामुळेच. पहिली वीस मिनिटं पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या चालीने चला, हळू चालणाऱ्यांना लीडरच्या लगेच मागे ठेवा, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

वाघजाई
हळू चालणाऱ्यांना पुढे घेणं मान्य, पण त्यातही एक अडचण आहे. मागे तीस जण तटलेत या संकोचाने माणूस कुवतीपेक्षा जोरात चालतो, पाणी प्यायलाही थांबत नाही आणि दुसऱ्या तासाला बसतो. वाट दाखवणं दुसऱ्यावर सोपवता येतं. कोणाला इथूनच परत न्यायचं हा निर्णय मात्र ज्याला चेहरे दिसतायत त्यानेच घ्यावा.

परतीची वेळ
तुम्ही दोघं जागेवर भांडताय. मला लीडर ओळखता येतो तो घड्याळावरून. नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा ठोकताळा आजही चालतो: सपाटीला 5 किलोमीटरला एक तास, वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्या उन्हात आणि मोठ्या गटाला त्याची दीडपट धरावी.

राजगड-तोरणा घ्या. संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने उतरलात की पुढे लांबलचक धार आणि शेवटी बुधला माचीचा चढ. डिसेंबरात सहा वाजून गेले की सूर्य मावळतोच. म्हणून "दोनपर्यंत शेवटचा माणूस खालच्या रस्त्याला लागला नाही तर तोरणा रद्द, तिथूनच गाडी" हे आदल्या दिवशी ठरवायचं आणि पायथ्याला सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. गाडं अडतं ते "अजून अर्धा तास बघू" या वाक्यावर. लीडर ते स्वतःशीच बोलतो, म्हणून त्याचं तोंड आधीच बांधलेलं बरं.

ओढ्याकाठी
घड्याळाला बांधलेला लीडर पावसाळ्यात घात करेल. ओढ्याचं पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली, आवाज जड झाला, म्हणजे वर पाऊस झालाय. वेळ गाठायच्या घाईत इथेच माणसं पाण्यात उतरवली जातात. आपले वरच्या अंगाचे ओढे छोट्या पाणलोटाचे असतात, चढतात तसेच पाऊस थांबल्यावर बहुतेक वेळा काही तासांत उतरतात. तेवढा वेळ थांबायची तयारी हा गुण आहे.

आणखी एक, कळकळीने सांगतो: दोर कमरेला बांधून कोणालाही ओढा पार करायला लावू नका. पाय सुटला की ताणलेला दोर माणसाला पाण्याखालीच धरून ठेवतो. प्रशिक्षण नसेल तर दोर असूनही पाण्यात उतरायचं नाही.

परतीची वेळ
मी परत फिरायची वेळ म्हणालो, पोचायची नव्हे. ओढ्याकाठी तीन तास बसलात तरी चालेल, पुढचा किल्ला सोडून द्या.

आधीच नाही
तुमची सगळ्यांची चर्चा डोंगरात सुरू होते, माझ्या मते ती स्वारगेटला सुरू व्हायला हवी. गुळगुळीत तळव्याचे बूट, एक लिटरची एकच बाटली, दोन दिवसांपूर्वीचा ताप: अशा माणसाला गाडीत बसण्याआधी "या वेळी नको" म्हणता येतं का? पैसे परत देण्याचा नियम आधी लिहिलेला असेल तर हे सोपं जातं. नसेल तर लीडर चारशे रुपयांसाठी गप्प बसतो आणि पूर्ण गटाची रात्र पणाला लावतो. नावं, रक्तगट, वाट आणि परतीची वेळ लिहिलेला कागद पुण्यात घरी थांबलेल्या एका माणसाकडे हवा. किती वाजेपर्यंत फोन आला नाही की 112 ला कळवायचं, हेही त्यावर लिहिलेलं हवं.

ढोरवाट
हे शंभर टक्के मान्य. वाघजाई, तुमच्याशी तडजोड करतो: पुढे वाट माहीत असलेला, मागे निर्णय घेणारा, दोघांकडे शिट्टी. मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, हा संकटाचा इशारा सगळ्यांना शिकवलेला. पण दोघांचं मत फाटलं तर?

वाघजाई
परत फिरू म्हणणाऱ्याचं ऐकायचं, वाद खाली गाडीत. फक्त हे निघतानाच तीसही जणांना सांगा आणि पहिल्या माणसाच्या पुढे कोणी जायचं नाही हेही ठरवा. नाहीतर पाय मोकळे असलेले पाच जण पुढच्या टेकडीवर गेलेले असतात आणि त्यांना परत बोलवायला कोणाला तरी अंधारात पाठवावं लागतं.