मदत हवी आहे: नाल्ट्रेक्सोनचा कमी डोस नाशकात कुठे मिळेल?

मोगरा : सहा वर्षं आमवात आहे. त्यावरची मेथोट्रेक्सेट गोळी चालू आहे, तरी सकाळी दीड तास बोटं वळत नाहीत. कुकरचं झाकण लावायला लेकाला उठवावं लागतं. मावसबहीण बाहेर असते, तिथे म्हणे नाल्ट्रेक्सोन रात्री दीड मिलिग्रॅमपासून सुरू करून साडेचारपर्यंत नेतात. काल गोळे कॉलनीत सात दुकानं पालथी घातली. मिळाली तर ५० मिलिग्रॅमची! एका काउंटरवरच्या पोराने हळूच विचारलं, "मिस्टर रोज घेतात का?" कृपया "डॉक्टरांना विचारा" नको, विचारून झालंय. फक्त दुकान सांगा.

तात्या_पंचवटी : पोराचं काय चुकलं? ती गोळी अमेरिकेत १९८४ साली अफूच्या व्यसनासाठी मंजूर झाली, १९९४ ला दारूसाठी. संधिवातासाठी मंजुरी कुठेच नाही. डॉक्टर नेमकं काय म्हणाले? चिठ्ठी आहे का?

झोपाळू : मी दोन वर्षं घेते, ३ मिग्रॅ. ५० ची गोळी ५० मिली पाण्यात, म्हणजे एका मिलीत एक. पहिले पंधरा दिवस स्वप्नं भयंकर. वारलेली आजी रामकुंडावर वांगी विकतेय आणि मला सुटे पैसे मागतेय! पण दुखणं निम्मं झालं.

तात्या_पंचवटी : तुम्हालाही आमवात?

झोपाळू : नाही, फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर स्नायू दुखतात. चिठ्ठी डॉक्टरांची आहे, पाण्याचं मापही त्यांनीच दिलं.

तात्या_पंचवटी : मग तिला का सांगताय? आमवातात सांधा झिजतो, तुमच्यात झिजत नाही. आणि फायब्रोमायल्जियातसुद्धा डेन्मार्कमध्ये ९९ बायकांवर ६ मिग्रॅ देऊन पाहिलं, २०२४ मध्ये छापून आलं. खोट्या गोळीपेक्षा दुखणं फारसं कमी झालं नाही.

झोपाळू : त्या ९९ त मी नव्हते.

वैद्यकाका : ही सगळी रसायनं सोडा. गुळवेलीचा काढा, सकाळी अनशापोटी. आमच्या म्हसरूळच्या शेजारीण बाई जिना चढायला लागल्या.

तात्या_पंचवटी : काका, मेथोट्रेक्सेटवर असलेल्या बाईला गुळवेल? कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्यात. मेथोट्रेक्सेटमुळे यकृताच्या तपासण्या आधीच कराव्या लागतात.

वैद्यकाका : आयुष मंत्रालयाने ते तेव्हाच खोडून काढलंय. वाचत जा.

गोदाकाठ : गोळे कॉलनीत चारचाकी नेऊ नका, लावायला जागाच मिळत नाही. गाडी लांब लावून चालत जा.

मोगरा : मी स्कूटीने गेले होते. चिठ्ठी नाही. डॉक्टर म्हणाले, आमवातात याचा भक्कम पुरावा नाही, रक्त तपासून तीन महिन्यांनी या. तीन महिने काय बोटं चावू? रात्री एक छोटी गोळी घेतल्याशिवाय झोप लागत नाही.

तात्या_पंचवटी : कोणती छोटी गोळी?

मोगरा : दुखण्याचीच हो. पट्टीवर ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल लिहिलंय.

झोपाळू : थांबा! माझं वरचं सगळं विसरा. ट्रॅमाडॉल अफूच्याच घराण्यातलं. ट्रॅमाडॉल शरीरात ज्या जागी बसतं, नाल्ट्रेक्सोन तीच जागा अडवतं. दोन्ही एकत्र गेलं तर घाम, उलट्या, थरथर. माझ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता.

तात्या_पंचवटी : पहिल्यांदाच आपलं जमलं. असली औषधं बंद करून सात ते दहा दिवस गेल्याशिवाय नाल्ट्रेक्सोन देत नाहीत. आणि रोजचं ट्रॅमाडॉल मनाने एकदम बंद करायचं नाही, तोही त्रास होतो. किती दिवस घेताय?

मोगरा : दिवाळीपासून. डॉक्टरांना माहीत नाही, ती पट्टी दिराची आहे. त्याचं कंबरेचं ऑपरेशन झालं होतं.

वैद्यकाका : म्हणून म्हणतो, काढा.

गोदाकाठ : काका!!

मोगरा : दवाखान्यात फोन केला. तीन महिने नाही, गुरुवारी संध्याकाळी या म्हणाले. पट्टी पर्समध्ये टाकली आहे. दिराला कुणी कळवू नका, तो इथे वाचतो.