मदत हवी आहे : २६ जानेवारीच्या झेंडावंदनात प्रार्थना कशी म्हणू?

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत झेंडावंदनानंतर दोन मिनिटं प्रार्थना म्हणायला कमिटीनं मला सांगितलंय. सभासदांत हिंदू आहेत, मुस्लिम आहेत, ख्रिश्चन आहेत आणि देव न मानणारे दोन काकाही (एक तर माझ्याच मजल्यावर). मी श्रद्धाळू आहे. उरकायचं म्हणून म्हणायची नाही.

पसायदान सुचवलं. नऊ ओव्या, मागणं साऱ्या प्राणिमात्रांसाठी. तरी ‘ते एकाच धर्माचं’ अशी कुरबुर झाली. मौन पाळून पाहिलं होतं, तर निम्मे लोक मोबाईलमध्ये. स्वतः लिहायला बसले तर ‘हे परमेश्वरा, आम्हा सर्वांना’नंतर थेट नगरसेवकाच्या भाषणासारखं वाटायला लागलं! शिवाय त्या ‘आम्हा’त काकांना का ओढायचं?

संविधानाची उद्देशिका आधीच वाचतो, ती सुचवू नका. धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ माहीत आहे. प्रश्न कायद्याचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. सगळे उन्हात उभे असतात, पोरं चुळबुळतात, त्यामुळे लांबवता येणार नाही.

अशा मिश्र मेळाव्यात कुणी प्रार्थना म्हटली आहे का? ‘मी प्रार्थना करते, ज्यांना वाटेल त्यांनी मनात सामील व्हा’ असं आधी सांगून सगळं एकवचनात म्हटलं, तर न मानणाऱ्यांना ते चालतं, की तरीही अवघडल्यासारखं होतं?