नानांना चक्कर येते, रक्त पातळ करायची गोळी बंद करू का? लवकर सांगा

यावलकर७
आमच्या नानांना चार दिवसांपासून उठलं की चक्कर येते. काल ओट्यावरून उठले आणि तिथेच कलंडले. काका म्हणतात, रक्त फार पातळ झालंय, ती गोळी बंद कर. डॉक्टरांची तारीख २२ ची आहे, फोन लागत नाही. रात्रीची गोळी द्यायची की नाही, एवढंच सांगा.

भुसावळची_ताई
दादा, कसली गोळी? अँजिओप्लास्टी झालीय का? कधी? बीपी किती?

यावलकर७
अँजिओप्लास्टीच, म्हणून तर पातळ करायची गोळी. फेब्रुवारीत अटॅक आला तेव्हा दोन स्टेंट टाकले. बीपी १२०.

धुळ्याचा_राजू
नुसतं १२०? बसून की उभं राहून? गोळी मनाने बंद करू नको रे भो. अटॅकनंतर स्टेंट टाकला की अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी जोडी साधारण वर्षभर देतात. तुमचे तर तीन-चार महिनेच झालेत. मध्येच थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन परत अटॅक येऊ शकतो. आणि रक्त काही पाण्यासारखं होत नाही, त्यातल्या प्लेटलेट एकमेकींना कमी चिकटतात, इतकंच.

भुसावळची_ताई
पण शी काळी होते का तेही बघा. या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव झाला तरी चक्कर येते. डांबरासारखी काळी असेल तर २२ तारखेची वाट बघायची नाही, आजच निघायचं.

निसर्गाकडे
अर्जुनसालीचा काढा आणि सकाळी दुधीचा रस. माझं ब्लॉकेज त्याच्यानेच गेलं. या गोळ्यांच्या नादी लागू नका.

धुळ्याचा_राजू
काका, गेलं हे कशावरून? परत अँजिओग्राफी केली होती का? दुधी कडू निघाला तर रस विषारी असतो, रक्ताच्या उलट्या होतात. ज्यांचे वडील चक्कर येऊन पडलेत त्यांना हे सांगू नका.

निसर्गाकडे
मी अनुभव सांगितला. अँजिओग्राफी नाही केली, पण दम लागत नाही आता.

चाळीसगाव_एक्स्प्रेस
बिल नीट बघितलं का? २०१७ पासून स्टेंटची कमाल किंमत सरकारने ठरवलीय, बिलात ती वेगळी दाखवावी लागते. महात्मा फुले योजनेत बसवलं होतं का?

यावलकर७
बिलाचं नंतर बघू, इथे माणूस पडतोय! शी काळी नाही. पडवीत आडवं करून बीपी मोजलं, १२२. उभं केलं तर ९६.

धुळ्याचा_राजू
हेच! २० च्या वर पडलं म्हणजे उभं राहिल्यावर मेंदूला रक्त कमी पडतं. हृदयाचं पंपिंग किती टक्के आहे, म्हणजे एका ठोक्याला किती रक्त बाहेर ढकलतं? लघवीची गोळी चालू आहे?

यावलकर७
पंपिंग ३५ टक्के, कमीच आहे. पायाला सूज होती म्हणून लघवीची गोळी आहे, ती तर पहिल्यापासून. पाणी दीड लिटरच सांगितलंय. तरी नाना सकाळी केळीच्या बागेत जातात, ऐकत नाहीत.

भुसावळची_ताई
दादा, हे आधी सांगायचं ना! पारा ४४ वर, घामाच्या धारा, पाणी मोजून आणि वर लघवीची गोळी. फेब्रुवारीत बरोबर बसलेला डोस मे महिन्यात जास्त होतो. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं, तेव्हा डॉक्टरांनी उन्हाळ्यापुरता डोस उतरवला. पण तुम्ही मनाने ना गोळी कमी करा, ना तांब्या-तांब्या पाणी पाजा. पंपिंग कमी असेल तर जास्तीचं पाणी फुप्फुसात साचतं. पातळ करायची गोळी रात्री द्या, आणि त्यांना एकदम उठू देऊ नका. आधी खाटेवर पाय सोडून बसवा.

यावलकर७
दिली गोळी. सकाळी दवाखान्यात नेलं. लघवीची गोळी अर्धी केली, पातळ करायच्या दोन्हींना हात लावायचा नाही म्हणाले. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासायला दिलंय. काकांना ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. अजून एक, नाना रोज चार-पाच केळी खातात, चालतात का?

भुसावळची_ताई
पोटॅशियमचा रिपोर्ट येईपर्यंत थांबवा. हृदयाच्या काही गोळ्यांनी ते वाढतं, आणि केळ्यात ते भरपूर असतं. गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो टाका, नावं बघून सांगते.