मीटरवर ऑक्सिजन २०.१, अलार्म शांत, माणूस आत सोडायचा का?

परमिटवाला:
नमस्कार मंडळी. सांडपाण्याच्या भूमिगत टाक्या साफ करायचं काम आहे आणि एंट्री परमिटवर, म्हणजे आत उतरायच्या परवानगीच्या कागदावर, आता माझी सही लागते. मीटर चार गॅसचा आहे, पंपवाला, नळी सोडून टेस्ट करतो. परवा झाकण उघडून नळी खाली सोडली तर ऑक्सिजन २०.१ टक्के, बाकी एलईएल (जळणारा गॅस पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या किती टक्के आहे तो आकडा), एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस), सीओ (कार्बन मोनॉक्साइड) सगळं शून्य. बाहेर तोच मीटर २०.९ दाखवत होता. अलार्म १९.५ ला सेट आहे त्यामुळे वाजला नाही. मी काम थांबवून ब्लोअर (आत ताजी हवा ढकलणारा पंखा) लावायला सांगितला तर सगळे वैतागले, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो मीटर गप्प आहे ना मग तुम्ही कशाला अडवताय. मला कागदावर मांडता येईल असं कारण पाहिजे, दर वेळी "मला ठीक वाटत नाही" म्हणून कोण ऐकणार. १९.५ च्या वर असेल तर खरंच सोडायचं का?

सेन्सरमास्तर:
अडवलंत ते एकदम बरोबर केलंत. हिशोब देतो, हाच कॉन्ट्रॅक्टरसमोर ठेवा. हवेत ऑक्सिजन साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे दुसरा गॅस आत भरून हवा बाहेर ढकलत असेल तर ऑक्सिजन १ टक्का उतरायला तो गॅस जवळपास ५ टक्के लागतो. तुमचा ०.८ उतरलाय, म्हणजे तो गॅस ४ टक्क्यांच्या जवळ, ३८ हजार पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास. आता सांडपाणी कुजताना कार्बन डायऑक्साइड (सीओटू) तयार होतोच आणि त्याची जीवाला तात्काळ धोका मानली जाणारी पातळी आहे ४० हजार पीपीएम. तुमच्या मीटरमध्ये त्याचा सेन्सरच नाही! जो आहे तो सीओचा, कार्बन मोनॉक्साइडचा, त्याला हा दिसत नाही. म्हणजे माणूस त्या पातळीच्या उंबरठ्यावर उभा आणि मीटर गप्प, असं होऊ शकतं.

दर वेळी असंच असतं असं म्हणत नाही. लोखंडी टाकीत गंज ऑक्सिजन खातो, गाळातले जिवाणू खातात, आणि आतली हवा गरम, दमट असली तर नुसत्या वाफेनेही आकडा थोडा उतरतो. पण यातलं नक्की काय झालंय हे मीटर सांगत नाही, म्हणून बाहेरच्या आणि आतल्या आकड्यातला फरक कळला नाही तोवर मी कोणाला सोडत नाही. मीथेन असता तर तेवढ्या प्रमाणाला एलईएल ८० च्या जवळ गेला असता, तो शून्य आहे म्हणजे मीथेन नाही, अर्थात एलईएल सेन्सर जिवंत असेल तर.

कॅलिब्रेशन_ताई:
दादांनी शेवटी लिहिलंय तीच खरी गोम आहे. साधा कॅटॅलिटिक, म्हणजे गॅस जाळून मोजणारा, एलईएल सेन्सर सिलिकॉनच्या स्प्रेने, ग्रीसच्या वाफेने मरतो, आणि मेल्यावर एरर येईलच असं नाही, छान शून्य दाखवत बसतो. दुसरं म्हणजे त्याला जळायला ऑक्सिजन लागतो, नायट्रोजनने पर्ज केलेल्या (नायट्रोजन भरून हवा बाहेर काढलेल्या) टाकीत त्याच्या आकड्यावर विसंबू नका. परमिटवाले दादा, बंप टेस्ट रोज होते का? सिलेंडरचा माहितीतला गॅस सोडायचा, आकडे चढतात का आणि अलार्म वाजतो का बघायचं, मिनिटभराचं काम आहे. कॅलिब्रेशनचं स्टिकर ताजं असलं तरी काल मीटर आपटला असेल तर त्या स्टिकरचा काय उपयोग.

आणि मीटर झीरो (चांगल्या हवेत नेऊन त्याचे आकडे सेट करणं) कुठे करता? कित्येक जण उघड्या झाकणाच्या तोंडाशी किंवा चालू जनरेटरशेजारी मीटर झीरो करतात. तिथली खराब हवा मीटर चांगली धरतो आणि मग तुमचा २०.१ सुद्धा त्याला २०.९ दिसतो. लांब, वाऱ्याच्या बाजूला जाऊन करा.

परमिटवाला:
बंप टेस्ट आठवड्यातून होते, उद्यापासून रोज लावतो. अजून एक, आमचा पोरगा नळी खाली टाकतो, आकडा बघतो, लगेच वर ओढतो. किती वेळ धरायची?

सेन्सरमास्तर:
लगेच ओढली तर तो नळीतलीच जुनी हवा वाचतोय. दर मीटर नळीला किती सेकंद थांबायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, त्यावर सेन्सर स्थिरावायला आणखी दोनेक मिनिटं द्या. वर, मध्ये, तळाशी असं थांबत जा, खोल असेल तर साधारण दर सव्वा मीटरला. मीथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, वर जमतो, एचटूएस जड, खाली बसतो. नळीचं तोंड गाळात बुडू देऊ नका, फिल्टर पाणी ओढेल आणि पंप ब्लॉक होईल.

आणि माणूस उतरल्यावर मीटर त्याच्या छातीवर, कॉलरजवळ, चालूच पाहिजे. गाळ शांत असतो तोवर शून्य येतं, फावडं घातलं की अडकलेला एचटूएस भसकन सुटतो. वासावर राहू नका, १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं आणि तिथेच घात होतो.

रेस्क्यू_ट्रेनर:
वर उभा राहणारा कोण आणि तो काय करणार हे आधी ठरवा. अमेरिकेतल्या नायोश या कामगार सुरक्षेच्या सरकारी संशोधन संस्थेने १९८६ सालीच लिहून ठेवलंय की अशा जागांमधल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त वाचवायला आत उतरलेल्यांचे होते. आतल्या माणसाला हार्नेस, वर ट्रायपॉड आणि विंच, आणि आतला पडला तर वरच्याने हँडल फिरवायचं, स्वतः उडी मारायची नाही. त्याच्याकडून एकदा हे करून घ्या, नुसतं सांगून त्या क्षणी कोणाच्या लक्षात राहत नाही हो.

परमिटवाला:
खूप आभार सगळ्यांचे. फॉर्मवर बाहेरचा ऑक्सिजन, आतला ऑक्सिजन आणि फरक असे तीन रकाने वाढवतोय, आणि सीओटू सेन्सर असलेल्या मीटरची मागणी आजच लिहून देतो. ब्लोअर चालू असताना २०.९ आला की सोडू ना?

कॅलिब्रेशन_ताई:
तेवढ्यावर नको. ब्लोअर बंद करून दहा मिनिटं थांबा, परत तळाशी रीडिंग घ्या. उतरत असेल तर आत गॅस अजून तयार होतोय किंवा कुठून तरी शिरतोय, मग माणूस आत असेपर्यंत ब्लोअर थांबता कामा नये आणि थांबला की सगळे बाहेर. ब्लोअरचा हवा ओढणारा पाइप गाडीच्या सायलेन्सरपासून लांब आहे ना तेही बघा, नाहीतर तुम्हीच आत सीओ भराल.