प्रॉक्सी एआरपी: जुगाड की रास्त उपाय?

रात्रपाळी:
आमच्या कारखान्यात चाचणी यंत्राला जोडलेली एक जुनी सोलारिस (युनिक्सचा एक प्रकार) मशीन आहे, १०.२०.५.१४. राउटर बदलून लिनक्स बसवला आणि तिला १०.२०.८.३० वरचा सर्व्हर दिसेना. बाहेरचं सगळं मात्र चालू. दोन तास आयपी_फॉरवर्ड (पॅकेट पुढे पाठवण्याची सेटिंग) आणि फायरवॉलशी झटापट केली. ८.३० साठीच्या फॉरवर्ड नियमांचे काउंटर शून्यावरून हलेनात, तेव्हा कुठे टीसीपीडंप (वायरवरची पॅकेट दाखवणारं साधन) लावला. मशीन ८.३० चा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) राउटरकडे न जाता थेट वायरवरच एआरपीने विचारत होती! तिच्या नेटमास्क्स फाइलमध्ये १० च्या नेटवर्कची नोंदच नाही, म्हणून मास्क (कोणते पत्ते आपल्याच नेटवर्कमधले हे ठरवणारा आकडा) २५५.०.०.०. म्हणजे तिच्या लेखी अख्खं १०.x घरचंच. जुना राउटर प्रॉक्सी एआरपीने, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने स्वतःचा मॅक पत्ता देऊन, "तो मीच" म्हणून उत्तर द्यायचा. लिनक्समध्ये ते मुळात बंद असतं. मी प्रॉक्सी_एआरपी १ केलं, काम सुरू. माझं मत: असंच राहू द्यावं.

मास्कमास्तर:
साफ चूक. दुखणं मास्कचं, पट्टी राउटरला. फाइलमध्ये एक ओळ घाला, इंटरफेसला (नेटवर्क जोडणीला) मास्क द्या, विषय संपला. आता तुमचा राउटर दुसऱ्या इंटरफेसकडे मार्ग (रूट) असलेल्या कुठल्याही पत्त्यासाठी हात वर करणार, आणि डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्या पत्त्यांसाठीचा मार्ग) असला की जवळपास सगळ्या जगासाठी. उद्या कुणी चुकीचा मास्क टाकला तरी कळणार नाही, कारण सगळं "चालतंय".

रात्रपाळी:
अहो, सोलारिसच्या ॲडमिनचा (रूट यूजरचा) पासवर्ड पुरवठादाराकडे होता आणि त्यांनी दुकान कधीच गुंडाळलं. बंद करून सिंगल यूजरमध्ये (देखभालीच्या मोडमध्ये) उठवायची म्हटली तर जुनी डिस्क पुन्हा फिरेल याची हमी तुम्ही घेणार का?

जुनाखोड:
मास्तर, प्रॉक्सी एआरपीला इतकं हिणवू नका. सबनेटचं (मोठं नेटवर्क लहान भागांत तोडण्याचं) मानक १९८५चं, आरएफसी ९५० हा इंटरनेटचा दस्तऐवज. सबनेट न कळणारी यंत्रं तेव्हा ढिगाने होती. १९८७च्या आरएफसी १०२७ मध्ये हीच युक्ती त्यांच्यासाठी लिहून ठेवली आहे. ही मशीन तशीच वागतेय, मग औषधही तेच.

मास्कमास्तर:
तेव्हा यंत्रांना सबनेट कळतच नव्हतं. हिला कळतं, कुणी सांगितलं नाही एवढंच.

एकओळी:
दोघेही टोकाला गेलात राव. "आयपी नेबर ॲड प्रॉक्सी १०.२०.८.३०" आणि पुढे आतल्या इंटरफेसचं नाव. राउटर फक्त त्या एका पत्त्यासाठी उत्तर देईल. सरसकट प्रॉक्सी_एआरपी परत ० करा. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ही नोंद रीबूटला उडते, तेव्हा स्टार्टअपमध्ये घाला. आणि प्रॉक्सी_डिले (असं उत्तर देण्याआधीचा विलंब) मुळात ०.८ सेकंदापर्यंत असतो, म्हणून पहिलं पॅकेट रेंगाळलं तर घाबरू नका.

मास्कमास्तर:
हे निदान मोजूनमापून आहे. तरी कागदावर लिहून राउटरला चिकटवा, नाहीतर पुढचा माणूस पुन्हा दोन तास फायरवॉल उकरत बसेल.

रात्रपाळी:
केलं. सरसकट बंद करून एकाच पत्त्याची नोंद ठेवली. पण मास्तर, तुमचं एक खरं निघालं: बंद केल्यावर दहा मिनिटांत गोदामातला एक विंडोज पीसी ओरडला. टीसीपीडंपमध्ये तोही ८ च्या सबनेटमधले पत्ते वायरवरच विचारताना सापडला, मास्क २५५.२५५.०.०. त्याचा आजच बदलला. सोलारिसला मात्र मी हात लावणार नाही.